आनंदाची मशागत

(द्वितीय वर्ष, कला)

येशू ख्रिस्ताचे चरित्र ज्या चार पुस्तकांत आले आहे त्यांना मराठीत ‘शुभवर्तमान’ म्हणतात. कुणी ‘सुवार्ता’ही म्हणतात. दोन्हींचा अर्थ एकच : चांगली बातमी. चांगली बातमी आली म्हणजे घरात काय होते हे आपण सर्वांनीच पाहिले आहे. मुलगा पास झाला, मुलीला नोकरी लागली, की शेजारी पेढे जातात, वर्षभर रुसून बसलेला काका दारात येऊन उभा राहतो आणि कुणी त्याला जुने काही विचारीत नाही. मग ज्यांच्या धर्मग्रंथाच्या गाभ्याचे नावच चांगली बातमी, त्यांच्या घरांत सोमवारी, मंगळवारी, साध्या दिवशी, आनंद का दिसू नये? गेली दोन वर्षे हा प्रश्न माझ्या मनात घोळतो आहे. तो मी या अंकातून आपल्यापुढे ठेवीत आहे.

हा अंक वाचणारे बहुतेक जण ख्रिस्ती नाहीत, याची मला कल्पना आहे. तरीही मी माझ्याच घरच्या धर्माविषयी लिहिते आहे, कारण जे आपण जवळून पाहिले त्याविषयीच बोलावे, असे आमचे मराठीचे प्राध्यापक सांगतात. शिवाय घर, नाती, दमून आलेली माणसे आणि सणापुरते हसणे हा प्रकार कोणत्याही एका धर्माची मिरास नाही. वाचकांना आपापल्या घरातले काही ओळखीचे आढळले तर या लेखाचे सार्थक झाले असे मी समजेन.

प्रथम आम्ही कोण ते सांगते. ठाण्यात तलावपाळीजवळ संत योहान बाप्तिस्ता चर्च आहे. त्याचा इतिहास पोर्तुगीज काळापर्यंत मागे जातो. त्या काळापासून ठाणे-वसई-साष्टीच्या पट्ट्यात राहणारे जे मूळचे ख्रिस्ती, ते स्वतःला ‘ईस्ट इंडियन’ म्हणवतात. नाव इंग्रजी, पण बोली मराठीच. 1887 साली त्यांनी या नावाची संस्था काढली तेव्हापासून ते नाव रूढ झाले. कल्याण-डोंबिवलीची गोष्ट वेगळी. इथे ख्रिस्ती माणूस बहुतांशी रेल्वेच्या आणि कारखान्यांच्या मागे आला. कुणी नगर-जालन्याकडून, कुणी गोव्याहून, कुणी केरळ-तामिळनाडूतून. केरळी कॅथलिकांचा कल्याणच्या नावाचा स्वतंत्र धर्मप्रांत 1988 साली झाला, यावरून त्यांची वस्ती किती वाढली असेल याची कल्पना येईल.

आम्ही नगरकडचे. आमचे गाव राहुरी तालुक्यात. वडील रेल्वेत खलाशी, आई एका खाजगी इस्पितळात आया. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. कल्याण पूर्वेला कोळसेवाडीच्या बाजूला आमच्या दोन खोल्या. तिथे रोज रात्री नऊ वाजता कौटुंबिक प्रार्थना होते. आजी गाते, वडील शास्त्रातला एक भाग वाचतात, सगळे डोळे मिटतात. प्रार्थना संपली की वडील दुसऱ्या दिवशीच्या पाळीचे घड्याळ लावतात, आई डब्याची भाजी निवडायला घेते आणि भाऊ मोबाईल उघडतो. देवाशी आम्ही चौघे-पाच जण एकत्र बोलतो. एकमेकांशी मात्र बोलायला वेळ नसतो. अशी घरे माझ्या माहितीत अनेक आहेत. ती वाईट नाहीत. कष्टाळू आहेत, सरळमार्गी आहेत. पण त्यांच्यातला आनंद कुठे तरी सांडून गेला आहे.

असे का व्हावे? माझ्या मते आनंदाविषयी आपल्या मनात तीन गैरसमज आहेत.

पहिला गैरसमज असा, की आनंद म्हणजे सण. नाताळात आमच्याकडेही दिवाळीसारखाच फराळ होतो. करंज्या, शंकरपाळी, चकल्या. चाळीत ताटे जातात, तरुण मुले रात्री घरोघर गाणी गात हिंडतात. सप्टेंबरात हरेगावला मतमाउलीची यात्रा भरते, तेव्हा नगर जिल्ह्यातले रस्ते माणसांनी भरून जातात आणि त्या गर्दीत सर्व धर्मांची माणसे असतात. ठाणे-वसईकडचे ईस्ट इंडियन ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी ‘आगेरा’ साजरा करतात. नव्या भाताच्या लोंब्या वाजतगाजत चर्चमध्ये नेतात. हे सारे सुंदर आहे, हवेच आहे. पण आगेऱ्याकडे जरा नीट पाहिले तर कळते की लोंब्यांची मिरवणूक एक दिवसाची असते आणि भात पिकवायला चार महिने लागतात. राब भाजणे, पेरणी, आवणी, बेणणी, राखण. त्यातले काहीही गाजावाजा करून होत नाही. आपण मात्र मिरवणूक तेवढी काढतो आणि लावणी कुणी तरी केलीच असेल असे गृहीत धरतो. मग पंचवीस डिसेंबर ओसरला की घरे पुन्हा कोरडी.

दुसरा गैरसमज याच्या उलट. धर्म म्हणजे गांभीर्य, आणि गांभीर्य म्हणजे लांब चेहरा. आमच्यापैकी कित्येकांच्या घरांत रविवारी मोठ्याने हसलेले चालत नसे. प्रार्थनेच्या वेळी लहान पोर फिदीफिदी हसले तर पाठीत धपाटा बसे. हसण्याने देवाचा अपमान होतो, असे आम्हांला न सांगता शिकविले गेले. परंतु योहानाच्या शुभवर्तमानात येशूचे पहिले चिन्ह कोणते, तर लग्नघरातले! काना गावी लग्नात द्राक्षारस संपला. यजमानाची अब्रू जाण्याची वेळ आली. तिथे येशूने उपदेश केला नाही, साधेपणाचे महत्त्व सांगितले नाही. सहा दगडी रांजण पाण्याने भरायला सांगितले आणि त्या घराचा आनंद राखला. एका गरीब घराच्या मांडवातली फजिती टाळणे हे ज्याला देवाचे काम वाटले, त्याच्या अनुयायांनी हसण्याला भ्यावे हे मला चमत्कारिक वाटते.

तिसरा गैरसमज अलीकडचा आहे आणि माझ्या मते तो सर्वांत घातक आहे. तो म्हणजे आनंद ही आज्ञा आहे, आणि जो दुःखी आहे त्याचा विश्वास कमी पडतो. काही प्रार्थनासभांतून हे हल्ली फार ऐकू येते. आमच्या ओळखीच्या एका काकूंचा तरुण मुलगा गेला. सांत्वनाला आलेल्या एका गृहस्थांनी त्यांना सांगितले, ‘रडू नका, तो देवाघरी आनंदात आहे, तुम्ही रडलात तर लोक काय साक्ष घेतील?’ काकूंनी पदराने डोळे पुसले ते पुसलेच. पुढे कित्येक महिने त्या कुणापुढे रडल्या नाहीत आणि कुणाशी धड बोलल्याही नाहीत. ज्या येशूच्या नावाने हे सांगितले गेले, तो स्वतः आपल्या मित्राच्या, लाजराच्या, कबरीपाशी रडला होता. तेही त्याला आपण पुन्हा उठवणार हे ठाऊक असताना! म्हणजे अश्रू आणि विश्वास यांचे वैर नाही. वैर आहे ते अश्रू आणि ढोंग यांचे. ज्या घरात रडायला परवानगी नाही त्या घरातले हसणेही खरे नसते.

तर मग आनंद म्हणजे काय? मी तत्त्वज्ञानाची विद्यार्थिनी नाही. पण मला वाटते, मजा आणि आनंद यांत फरक केला पाहिजे. मजा परिस्थितीवर अवलंबून असते. पाऊस पडला, सहल रद्द झाली, मजा गेली. आनंद हा माणसामाणसांतल्या संबंधाचा गुण आहे. आपल्याला कुणी तरी आपला म्हणते आणि आपणही कुणाला तरी आपला म्हणतो, ही खात्री म्हणजे आनंद. म्हणूनच तो गरिबाच्या घरी असू शकतो आणि बंगल्यात नसू शकतो. आणि म्हणूनच तो तुटलेल्या नात्यात टिकत नाही.

या म्हणण्याला मला शास्त्रातच एक आधार सापडला. पौलाने फिलिप्पै येथील मंडळीला लिहिलेले पत्र आनंदाचे पत्र म्हणून ओळखले जाते. चारच अध्याय, पण आनंदाचा उल्लेख त्यात पुनःपुन्हा येतो. हे पत्र त्याने तुरुंगातून लिहिले, हे आमच्या प्रत्येक उपदेशकाला सांगायला आवडते. परंतु त्याच पत्रात आणखी एक गोष्ट आहे, ती मी उपदेशात फारशी ऐकली नाही. शेवटच्या अध्यायात पौल दोन बायकांची नावे घेतो, युवदीया आणि सुंतुखे. दोघीही त्याच्याबरोबर कामात झिजलेल्या. पण दोघींचे आपसांत पटत नव्हते. पौल प्रत्येकीला वेगळी विनंती करतो की एकमनाने राहा, आणि मंडळीतल्या तिसऱ्याला सांगतो की या दोघींना मदत कर. आणि या भांडणाच्या उल्लेखाला लागूनच तो प्रसिद्ध आनंदाचा उपदेश येतो! हा योगायोग असेल असे मला वाटत नाही. दोन बायकांचा अबोला मिटल्यावाचून मंडळीच्या आनंदाला अर्थ नाही, हे त्या कैद्याला पक्के ठाऊक असावे. आम्ही मधले ते दोन वचन गाळून थेट आनंदावर उडी घेतो. आमच्याकडे चर्चच्या एका बाकावर बसून चार चार वर्षे एकमेकींशी न बोलणाऱ्या जावा-जावा आहेत. त्या दोघी एकाच सुरात आनंदाचे गीत गातात. गीत उत्तम होते. बाक तसाच राहतो.

आता कुणी म्हणेल, हे पॅलेस्टाइन-ग्रीसचे दाखले झाले. मराठी माणसाच्या घरातले काय? तर मराठी घरातला दाखला त्याहून मोठा आहे आणि तो आपल्या भाषेच्या साहित्यात कायमचा नोंदला गेला आहे. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ 1934 पासून भागाभागांनी प्रसिद्ध झाली. आपल्यापैकी अनेकांनी त्यातला एखादा उतारा शाळेच्या पुस्तकात वाचला असेल आणि हसला असाल. मीही हसले होते. पण पुढे संपूर्ण पुस्तक वाचले तेव्हा जाणवले, की हे हसू फार महाग आहे.

लक्ष्मीबाई जन्मल्या 1868 साली, नाशिकजवळ जलालपूर येथे. वडिलांचे सोवळे इतके कडक की मिठासारख्या जिनसाही धुतल्यावाचून घरात यायच्या नाहीत. लहानपणीच लग्न झाले. शाळा नाही. नवरा कवी, विद्वान, उदार आणि तितकाच तापट. हातात पैसा आला की तो कुणा गरजवंताच्या दिशेने चालू लागायचा. आणि 1895 च्या फेब्रुवारीत नारायण वामन टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. बायकोला आधी सांगितले नाही. त्या काळच्या ब्राह्मण स्त्रीवर ही कोणती कुऱ्हाड कोसळली असेल याची कल्पना आज करणेही अवघड आहे. जिवंत नवरा असून नसल्यासारखा. पदरी लहान दत्तू. नातेवाईकांची दया आणि टोमणे. काही वर्षे ताटातुटीत गेली. पुढे त्या टिळकांकडे परतल्या, पण धर्म बदलला नाही. एका घरात दोन धर्म नांदले. आणि मग जातिभेदाविषयी स्वतःच्या डोक्याने विचार करून, कुणी ओढले म्हणून नव्हे, 1900 साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

मला इथे धर्मांतराविषयी काही म्हणायचे नाही. त्या दोघांच्या नात्याविषयी म्हणायचे आहे. विश्वास मोडावा असे ज्या नात्यात घडले, ते नाते पुढे एकोणीस-वीस वर्षे फुलले कसे? टिळक 1919 मध्ये वारले, तोपर्यंत त्या घरात अनाथ मुले वाढली, प्लेगच्या दिवसांत रोग्यांची शुश्रूषा झाली, कविता झाल्या, भांडणे झाली. होय, भांडणेही भरपूर! लक्ष्मीबाईंनी ती लपविली नाहीत. टिळकांचा संताप, त्यांचा विसराळूपणा, स्वतःचे भाबडेपण, सारे त्यांनी हसत हसत लिहिले. पण त्या हसण्यात कुठेही टोचणी नाही. नवऱ्याला हसताना त्या स्वतःलाही हसतात. मला वाटते, हीच त्यांच्या आनंदाची युक्ती आहे. दुसऱ्याला हसणे हा उपहास. स्वतःला वगळून हसणे हा अहंकार. आणि दोघांनी मिळून दोघांना हसणे हा संसार. टिळकांनी हाती घेतलेले ‘ख्रिस्तायन’ त्यांच्या मृत्यूने अपुरे राहिले, ते या शाळेत न गेलेल्या बाईने पुढे पुरे केले. ज्याने एकदा न विचारता वाट बदलली, त्याचे अर्धे राहिलेले काम आपण होऊन उचलणे, याहून मोठी क्षमा मला सांगता येणार नाही. क्षमा असल्याशिवाय हे हसू शक्य नव्हते आणि हसू असल्याशिवाय ती क्षमा पेलली नसती.

माझी आजी ‘स्मृतिचित्रे’ वाचू शकत नाही. तिला अक्षरओळख नाही. पण टिळकांची भजने तिला पाठ आहेत. मराठी ख्रिस्ती लोकांना परक्या चाली सोडून अभंगाच्या वाटेने गायला ज्यांनी शिकविले त्यांत टिळक अग्रणी. नगरकडे टाळ-मृदंगावर ख्रिस्ती कीर्तने एकोणिसाव्या शतकापासून होत आली. त्याही आधी, 1616 साली गोव्यात राचोल येथे छापलेले फादर स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ मराठी ओवीत होते. म्हणजे या मातीतल्या ख्रिस्ती माणसाने आपला आनंद गाऊनच टिकविला. आजी दुष्काळाच्या खडी फोडण्याच्या कामावर ही भजने गात असे. तिला विचारले, ‘आजी, तेव्हा आनंद होता का गं?’ तर म्हणाली, ‘आनंद कसला माय, पोटात आग होती. पण सगळ्याजणी गायचो, मग एकटं वाटायचं नाही.’ एकटे न वाटणे! मी वर आनंदाची जी व्याख्या द्यायची खटपट केली ती आजीने चार शब्दांत केली.

आता आमच्या पिढीचे बोलते. आम्ही जे घरातले पहिले कॉलेजकुमार आणि कॉलेजकुमारी, त्यांच्या घरात एक निराळाच अबोला शिरतो. आईवडिलांना आमचा अभिमान असतो. पण आम्ही काय शिकतो हे त्यांना कळत नाही आणि ते विचारायला त्यांना संकोच वाटतो. आम्हांला त्यांचे बोलणे अडाणी वाटू लागते. उच्चार सुधारण्याची हौस येते. वडील ‘इश्टेशन’ म्हणाले की मान खाली जाते. उधळ्या पुत्राची गोष्ट सर्वांना माहीत आहे. तिच्यातला धाकटा मुलगा पैसे उडवून परत येतो आणि बाप त्याला मिठी मारतो. मला त्यात थोरल्याची अधिक काळजी वाटते. तो शहाणा, कामसू, आज्ञाधारक. घरात गाणे-बजावणे चालू झाले तरी तो शेतातून येऊन दारातच थांबतो. त्याने बापाची चाकरी केली, पण बापाबरोबर आनंद कधी केला नाही. बाप बाहेर येऊन त्याची समजूत घालतो. तो आत गेला की नाही हे गोष्टीत सांगितलेलेच नाही. आमच्या वर्गात असे थोरले पुष्कळ आहेत, मुलगे आणि मुलीही. परीक्षा देतात, शिकवण्या घेऊन घरखर्चाला हातभार लावतात, कुणाला उलट बोलत नाहीत. पण घराच्या उंबरठ्यावरच उभे राहतात. त्यांनी आत यावे, एवढेच माझे म्हणणे आहे.

इथे एक आक्षेप मी स्वतःच घेते. ‘आनंदी राहा’ हा उपदेश गरिबाला करणे फार सोपे असते. तो आनंदी राहिला की काही मागत नाही! आमच्या समाजापुरते सांगायचे तर अस्पृश्य जातींतून ख्रिस्ती झालेल्यांना 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलतींतून वगळले. पुढे 1956 मध्ये शिखांचा आणि 1990 मध्ये बौद्धांचा समावेश झाला, ख्रिस्ती मात्र त्या वेळी बाहेरच राहिले. 2022 साली या प्रश्नासाठी माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला गेला. गावकुसाबाहेरचे आमचे घर आणि चर्चमधील नवे नाव यांपैकी गावाला घरच दिसत आले. तेव्हा अन्यायावर पांघरूण घालण्यासाठी कुणी आनंदाची चादर वापरीत असेल तर ती ओढून काढली पाहिजे. परंतु म्हणून आनंदच नको, असे होत नाही. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे उदाहरण डोळ्यांपुढे आहे. वसईची हिरवाई आणि पाणी वाचविण्यासाठी ‘हरित वसई’च्या चळवळीत ते गुंडगिरीसमोर उभे राहिले, त्यांनीच ‘सुबोध बायबल’ सिद्ध केले आणि 2020 च्या जानेवारीत उस्मानाबादच्या, म्हणजे आजच्या धाराशिवच्या, मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषविले. 2024 साली ते गेले. लढा आणि प्रसन्नता यांचे एकमेकांवाचून चालत नाही, हे अशा माणसांकडे पाहून पटते. ज्याच्या मनात आनंद शिल्लक आहे तोच दीर्घकाळ लढू शकतो. नुसत्या चिडीवर माणूस फार दिवस चालत नाही.

मग करायचे काय? मोठमोठे संकल्प सांगण्याचा माझा अधिकार नाही. पण मशागतीची काही लहान कामे सुचवते.

कल्याणहून ठाण्याला येताना लोकलमध्ये मी रोज पाहते, की बायकांच्या डब्यात भाजी निवडणे चालते, हळदीकुंकू होते, नवरात्रात नऊ रंग नेसले जातात, कुठल्या तरी कोपऱ्यात भजन सुरू होते. दसऱ्याला तर डबाच तोरणांनी सजतो. पाय ठेवायला जागा नाही, घाम निथळतो आहे, तरी त्या बायकांनी आनंदाला वेळ ठरवून दिला आहे : आठ-वीसची गाडी, तिसरा डबा. आनंद आपोआप येईल अशी वाट त्यांनी पाहिली नाही. मग जी जमात लोकलच्या गर्दीत हे करू शकते तिला घरातल्या दोन खोल्यांत का जमू नये?

कौटुंबिक प्रार्थनेत आपण देवाचे आभार मानतो. त्याच बैठकीत प्रत्येकाने घरातल्या एकाचे, नाव घेऊन, एका ठराविक गोष्टीबद्दल आभार मानावेत. ‘आई, आज डबा वेळेवर दिलास.’ ‘बाबा, काल रात्रपाळी करूनही तुम्ही माझा फॉर्म भरायला आलात.’ पहिले चार दिवस लाज वाटते, पाचव्या दिवशी आई वाट पाहू लागते, हे मी अनुभवाने सांगते. दुसरे, दिवसातले एक जेवण मोबाईल बाजूला ठेवून एकत्र व्हावे. पाळ्यांमुळे रोज जमत नसेल तर आठवड्यातून तीनदा तरी. तिसरे, ज्यांच्या घरात शिकलेले एकच माणूस आहे त्याने घरी मोठ्याने वाचावे. ‘स्मृतिचित्रे’पासून आरंभ करायला हरकत नाही, आमच्याकडे दर रविवारी पाच पाने होतात आणि टिळकांचे पराक्रम ऐकून वडील असे हसतात की शेजारचे विचारायला येतात. अभिमान आणि संकोच यांची जी भिंत मी वर सांगितली, ती या वाचनाने पुष्कळ खाली आली आहे. चौथे, ज्याच्याशी अबोला आहे त्याच्या घरी नाताळाची वाट न पाहता जावे. सणाला कुणीही जातो. साध्या बुधवारी गेलेल्या माणसाचे येणे खरे वाटते. आणि पाचवे, ज्याच्या घरी दुःख झाले आहे तिथे वचन सांगायची घाई करू नये. नुसते बसावे. चहा करून द्यावा. रडू द्यावे.

याच यादीत मंडळ्यामंडळ्यांचेही एक काम आहे. आमच्याकडे प्रॉटेस्टंट, कॅथलिक, पेंटेकॉस्टल. मराठी, मल्याळी, तमिळ, कोंकणी असे किती तरी वाटे. एका इमारतीत राहून नाताळाला एकमेकांच्या घरी न जाणारे ख्रिस्ती मी पाहिले आहेत, आणि शेजारच्या हिंदू घरची करंजी मात्र दोघांकडेही आलेली असते. युवदीया आणि सुंतुखे यांची ही मोठी आवृत्तीच नव्हे काय?

आनंद स्वभावात असतो, तो शिकवून येत नाही, असे काही मित्र म्हणतात. स्वभावाचा भाग आहे हे मी नाकारीत नाही. जमीन कुणाची काळी, कुणाची बरड. पण आमच्या गावची माणसे बरड जमिनीतही बाजरी काढीत आली आहेत, आणि काळी जमीन नांगरल्यावाचून पडली तर तिच्यात कुंदाच माजतो. जमीन कोणती मिळाली हे आपल्या हाती नाही, मशागत आहे.

गुरुजनांना आणि मित्रमैत्रिणींना एवढीच विनंती, की आपल्या अभ्यासाच्या यशाबरोबर आपल्या घरातल्या हसण्याचीही चौकशी करावी. पुढच्या वर्षी आपल्यातले पुष्कळजण नोकरीच्या शोधात पांगतील. त्या आधी, या सुट्टीतच, एखादा अबोला मोडता आला तर मोडावा. त्याला पैसे पडत नाहीत आणि हॉल तिकीटही लागत नाही.